पायथनमधील एक्सेप्शन हाताळणी: चूक झाल्यावर बोलकी, आधी अबोल

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये एक्सेप्शनच्या, म्हणजे प्रोग्राम चालताना उद्भवणाऱ्या चुकांच्या, एरर संदेशांवर घेतलेले कष्ट रोजच्या कामात जाणवतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ३.११ आवृत्तीपासून ट्रेसबॅक (चूक कोठून आली ते दाखवणारा अहवाल) ओळीचा क्रमांक तर देतोच, शिवाय त्या ओळीतला नेमका कोणता भाग फसला तेही खुणेने दाखवतो. एकाच ओळीत दोन भागाकार असतील आणि झिरोडिव्हिजनएरर आला, तर कोणता भाजक शून्य होता हे शोधण्यासाठी आता जागोजागी प्रिंट पेरावे लागत नाही. त्याच आवृत्तीतली ॲड-नोट ही सोय मला त्याहून मोलाची वाटते. मोठी फाइल वाचताना एखादी नोंद सदोष निघाली, तर मूळ एक्सेप्शनलाच त्या नोंदीचा क्रमांक जोडून ते पुढे पाठवता येते, त्यासाठी ते नव्या एक्सेप्शनमध्ये गुंडाळत बसण्याची गरज उरत नाही. एक्सेप्शन आले नाही, तर ट्राय ब्लॉकचा (चूक होऊ शकेल असा कोड ज्यात ठेवतात त्या भागाचा) वेगावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, हीही याच आवृत्तीची देणगी.

ट्रायमधील चूक पकडणाऱ्या भागाला एक्सेप्ट म्हणतात. एकाच वेळी अनेक चुका उचलणारे तारांकित एक्सेप्ट मात्र टास्कग्रुपसारख्या समांतर कामांपुरतेच उपयोगाचे आहे. इतरांना त्याची क्वचितच गरज भासेल.

खरी तक्रार वेगळीच आहे. एखादे फंक्शन कोणती एक्सेप्शन्स उठवू शकते हे त्याच्या घोषणेवरून कळत नाही आणि टाइप हिंटमध्येही (मूल्यांचे प्रकार सांगणाऱ्या टिपांमध्येही) ते नोंदवण्याची सोय नाही. जावा भाषेतील चेक्ड एक्सेप्शन्स (जी घोषणेत नोंदवावी किंवा हाताळावीच लागतात) अनेकांना जाचक वाटतात (ते काही अंशी खरेही आहे), आणि रस्ट भाषेतील रिझल्टमुळे (यश किंवा चूक यांपैकी एक परत देणाऱ्या प्रकारामुळे) लिखाण वाढते, परंतु त्या दोन्ही भाषांत निदान धोका कोठे आहे ते आधी समजते. पायथनमध्ये दस्तऐवज किंवा मूळ कोड वाचावा लागतो, आणि तेवढा वेळ नसला की लोक सरळ प्रकार न सांगता एक्सेप्ट लिहून मोकळे होतात. असे एक्सेप्ट कंट्रोल-सीने उठणारे कीबोर्डइंटरप्टही गिळते आणि ते दाबूनही प्रोग्राम थांबत नाही.

फायनलीमधील (चूक होवो वा न होवो, शेवटी चालणाऱ्या भागातील) रिटर्नही वर येत असलेले एक्सेप्शन असेच गुपचूप नाहीसे करते. ३.१४ आवृत्तीत त्यावर सिंटॅक्सवॉर्निंग, म्हणजे नुसता इशारा, आले आहे. थेट कोड चालूच न देणारी सिंटॅक्सएरर दिली असती, तर जुने काही कोड अडले असते, तरी मी तिचे स्वागतच केले असते.