घरगुती झिगझॅग शिलाई मशीन: आईच्या हाती असलेल्या अर्ध्या तासासाठी

घरातलं बरंचसं काम संध्याकाळपर्यंत दिसेनासं होतं. घासलेली भांडी पुन्हा खरकटी होतात, धुतलेले कपडे मळतात. शिवण मात्र टिकते. मुलाच्या उसवलेल्या बाहीवर मारलेली टीप तो शर्ट तोकडा होईपर्यंत डोळ्यांसमोर राहते. शिवणाऱ्या आईला त्यातून मिळणारं समाधान खरं असतं, म्हणून तिचं मशीन निवडताना हयगय नको. विजेवर चालणारं, सरळ टिपेबरोबर नागमोडी (झिगझॅग) टीपही घालणारं साधं मेकॅनिकल मशीन या कामाला चांगलंच उतरतं.

सगळ्यात उपयोगी पडतो तो फ्री आर्म. पुढची पेटी सरकवून काढली की अरुंद भाग उरतो आणि त्यावर बाही किंवा पँटचा पाय सरळ ओवता येतो. सपाट पाट्याच्या मशीनवर हेच करताना खालचा थर हमखास टिपेत सापडतो, मग उसवत बसायचं.

कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं की दोष बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दिला जातो. चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते. ओवताना फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा भाग) खाली असेल तर वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही आणि सैल दोरा खाली गोळा होतो. बॉबिनचा स्क्रू अजिबात पिळू नका. फूट उचला, सुई अगदी वर आणा, दोरा पूर्ण काढून पहिल्यापासून ओवा.

सुईच्या नंबरातला आकडा मोठा तशी सुई जाड: नेहमीच्या सुती कापडाला ९०/१४ची सुई, पातळ कापडाला ७५/११, जीन्सला १००/१६. टी-शर्टला बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची सुईच हवी, नाहीतर टाके सुटतात किंवा कापडाला बारीक भोकं पडतात. अशा कापडावर सरळ टीप ताणली की तुटते. झिगझॅगची रुंदी १ मिमी आणि लांबी २.५ मिमी ठेवली तर शिवण कापडाबरोबर ताणते. साधारण आठ तास शिवून झाले की सुई बदला. बोथट सुईचा कट् कट् आवाज ऐकू येतो.

उणं आहे ते जाड कामात. जीन्सची दुमड जिथे बाजूच्या शिवणीवर चढते तिथे फूट तिरकं होतं, कापड पुढे सरकत नाही आणि टाके एकावर एक पडतात. फुटाच्या मागच्या बाजूखाली तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवायची आणि तेवढे चार टाके मशीनच्या बाजूचं चाक हाताने, आपल्याकडे फिरवत घालायचे. चार टप्प्यांचं काजही पहिल्या फटक्यात जमत नाही. दोन्ही कडांची दाटी वेगळी येते. तेवढ्याच थरांच्या चिंधीवर आधी करून पाहा.

रोज दिवसभर ऑर्डरी शिवणाऱ्यांनी हे घेऊ नये, मोटर तापते.

मशीन कपाटात ठेवू नका, ही विनंती. सहा-सात किलोचं वजन उचलून मांडण्यातच मोकळा वेळ संपतो आणि फाटक्या कपड्यांचा ढीग तसाच राहतो. दोरा ओवलेला, वरून कापड झाकलेलं, उजेडातला एक कोपरा कायमचा आईच्या नावाचा हवा. बॉबिन भरून ठेवणं आणि शटलजवळची (बॉबिन बसते त्या भागातली) लव ब्रशने काढणं ही कामं घरातलं कुणीही करू शकतं.