आठ कोंबड्या, चार ट्रे आणि अकरा महिने: घरी मीलवर्म वाढवण्याचा अनुभव

घरी मीलवर्म वाढवायला सुरुवात करून आता अकरा महिने झाले आहेत. या अळ्यांमुळे आठ कोंबड्यांच्या खाद्याचा खर्च निम्म्यावर येईल, अशी माझी सुरुवातीची समजूत होती. तसे काहीही झाले नाही, आणि होणेही शक्य नव्हते, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुष्कळ जण याच आशेवर पहिला ट्रे भरतात.

हिशेब अगदी साधा आहे. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे आठ जणींना आठवड्याला साडेसहा किलोंच्या आसपास खाद्य लागते. मी एकदा पूर्ण वाढलेल्या अळ्या वजनकाट्यावर ठेवून एकेक मोजल्या, तेव्हा १० ग्रॅममध्ये ८३ अळ्या भरल्या. सगळी घडी नीट बसल्यानंतरही माझ्या चार ट्रेंमधून आठवड्याला दीडशे ते दोनशे ग्रॅमच अळ्या निघतात. शिवाय त्यांनाही खायला घालावे लागते. एक किलो ताज्या अळ्या तयार व्हायला साधारण दोन किलो कोरडे खाद्य, म्हणजे ट्रेमध्ये पसरलेला कोंडा, खर्ची पडते. त्यामुळे मीलवर्मकडे मुख्य खाद्याला पर्याय म्हणून न पाहता प्रथिनांचा पूरक खाऊ म्हणून पाहिले, तरच हा उद्योग समाधान देतो.

मीलवर्म ही टेनेब्रिओ मोलिटर नावाच्या काळ्या भुंगेऱ्याची अळी आहे, आणि हे एकदा नीट लक्षात घेतले की पुढच्या निम्म्या चुका टळतात. मी आणलेल्या पाचशे अळ्यांपैकी मूठभरसुद्धा कोंबड्यांना घालता आल्या नाहीत, कारण त्या सगळ्या कोषात जाऊन भुंगेरे होईपर्यंत थांबणे भाग होते. कोषावस्था एक ते तीन आठवड्यांची असते, बाहेर आलेले भुंगेरे आठ-दहा दिवसांनी अंडी घालू लागतात, ती फुटायला आणखी एखादा आठवडा किंवा थोडा अधिक काळ जातो, आणि फुटलेली अळी इतकी बारीक असते की महिनाभर ट्रेमध्ये काही आहे की नाही हेच कळत नाही. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी मी तो ट्रे निकामी समजून खुराड्यात उपडा करणार होते. तेवढ्यात उजेडात धरलेल्या चमच्यातला कोंडा हलताना दिसला, म्हणून ती पिढी वाचली. पहिल्या खऱ्या उपशाला साडेपाच महिने लागले.

आपल्याला घाई असली तरी अळीला ती नसते. २५ ते २८ अंश तापमानात ती चांगली वाढते, थंडीत मंदावते, आणि वाढताना सारखी कात टाकत राहते. कात टाकल्यावर काही तास ती पांढरीशुभ्र आणि मऊ असते. अशा अळ्या पाहून मला प्रथम रोग आल्याची शंका आली होती. कोषातून नुकताच निघालेला भुंगेराही तसाच फिकट असतो, मग तांबूस होतो आणि काही दिवसांनी काळा पडतो. कोष मेल्यासारखा निपचित पडलेला दिसला, तरी बोट लावताच शेपटीकडचा भाग झटक्याने वळवतो. जो वळवत नाही आणि काळपट पडतो, तो काढून टाकावा.

पहिले तीन महिने मी सगळ्या अवस्था एकाच ट्रेमध्ये ठेवल्या, आणि ती माझी सर्वांत महागात पडलेली चूक होती. भुंगेरे स्वतःची अंडी खातात आणि अळ्या व भुंगेरे दोघेही हालचाल न करणाऱ्या कोषांना कुरतडतात. आता भुंगेरे एका ट्रेमध्ये, कोष दुसऱ्यात आणि अळ्या वयाप्रमाणे उरलेल्या दोन ट्रेंमध्ये असतात. दर दोन आठवड्यांनी भुंगेरे चाळून नव्या कोंड्यावर हलवते. जुन्या कोंड्यात अंडी राहतात, आणि तो तारीख लिहून बाजूला ठेवते. एवढ्या एका बदलाने उत्पन्न किती वाढले याची नेमकी नोंद माझ्याकडे नाही, परंतु अर्धवट खाल्लेले कोष दिसणे जवळजवळ थांबले.

ट्रे गुळगुळीत प्लॅस्टिकचा असावा. त्याच्या उभ्या भिंतीवर अळीला किंवा भुंगेऱ्याला चढता येत नाही, त्यामुळे झाकणाऐवजी जाळी पुरते. उबेसाठी मी एक ट्रे थर्माकोलच्या खोक्यात बसवला होता. तळाच्या भेगेतून निसटलेल्या अळ्यांनी पंधरा दिवसांत त्या खोक्याला भोके पाडली. या अळ्या थर्माकोल खातात हे प्रयोगशाळांत सिद्ध झालेले आहे. मला ते खोके उचलताना कळले.

खरी डोकेदुखी पाण्याची आहे. कोंडा पूर्ण कोरडा हवा, पण अळ्यांना ओलावाही हवा, आणि तो गाजराच्या किंवा बटाट्याच्या फोडींतूनच द्यावा लागतो. पाण्याची वाटी ठेवली की अळ्या बुडतात आणि कोंडा भिजून बुरशी धरतो. सातव्या महिन्यातल्या दमट दिवसांत मी गाजराचे तुकडे चार दिवस तसेच राहू दिले. पाचव्या दिवशी ट्रेच्या कडेला फिकट तपकिरी धुळीची रेघ दिसली. बोटाने पुसली, तर थोड्या वेळाने ती पुन्हा तिथेच आली, आणि भिंगातून पाहिले तेव्हा ती धूळ चालत होती. ते धान्यातले माइट, म्हणजे धुळीच्या कणाएवढे बारीक जीव होते. तो संपूर्ण ट्रे मला सोडून द्यावा लागला. उरलेल्या ट्रेंना दहा दिवस ओले काहीही दिले नाही, ते वाऱ्यावर ठेवले आणि अळ्या चाळून नव्या कोंड्यावर घेतल्या. तेव्हापासून आणलेला प्रत्येक कोंडा चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ देते आणि मगच वापरासाठी काढते. थंड पिशवी उघडली तर कोंड्यावर दव धरते आणि सगळा खटाटोप वाया जातो. भाजीचा तुकडा आता एका दिवसात संपेल इतकाच देते, आणि सालींवर कीटकनाशक असण्याची शक्यता असल्याने त्या सोलून टाकते.

गर्दीचा धोकाही कमी लेखू नये. एकदा खोलीत २७ अंश असताना अळ्यांच्या थराच्या मधोमध खुपसलेला तापमापक ३४ दाखवत होता. अळ्या दाटीने राहिल्या की त्यांच्या हालचालीनेच उष्णता साठते आणि मधल्या अळ्या मरू लागतात. तेव्हा थर बोटाच्या एका पेरापेक्षा जाड होऊ देऊ नये.

आता कोंबड्यांविषयी. पहिल्या दिवशी आठही जणींनी मान वाकडी करून एका डोळ्याने त्या वळवळीकडे पाहिले आणि कुणीच चोच लावली नाही. मग एकीने एक उचलली, आणि पुढच्या मिनिटात जमीन साफ झाली. अळ्या एका भांड्यात दिल्या तर दांडगट कोंबड्या दुबळ्यांना जवळ फिरकू देत नाहीत, म्हणून मी त्या लांबवर विखरून टाकते. संध्याकाळी डबा वाजवला की सगळ्या आपोआप खुराड्यात येतात. खरे सांगायचे तर या एका सोयीसाठीही मी अळ्या पाळल्या असत्या. भुंगेरे मात्र त्या नाखुशीने खातात. डिवचल्यावर भुंगेरा उग्र वासाचा द्राव सोडतो, त्याचा तो परिणाम असावा.

जिवंत गिळलेली अळी कोंबडीचे पोट आतून पोखरते, असे मला दोघा-तिघांनी ठामपणे सांगितले. ती भीती निराधार आहे. पेषणीत, म्हणजे कोंबडीच्या पोटातल्या खाद्य दळणाऱ्या भागात, अळीचे काही शिल्लक राहत नाही, फक्त पेषणीला दळण्यासाठी खडे मिळाले पाहिजेत. खरी उणीव निराळी आहे. या अळ्यांत कॅल्शियम अत्यल्प असते आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट, तर अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागते. मध्यंतरी मी उत्साहाने प्रमाण वाढवले, तेव्हा कोंबड्या नेहमीचे खाद्य टाकून डब्याचीच वाट पाहू लागल्या आणि दोन अंडी पातळ कवचाची निघाली. प्रमाण पुन्हा खाली आणले, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवला, आणि पुढे कवचे पूर्ववत झाली. अळ्यांत चरबी भरपूर असल्यामुळे कोंबड्या जाड होण्याचा धोकाही आहेच. आता एका कोंबडीला आठवड्याला वीस-पंचवीस ग्रॅमपेक्षा जास्त जात नाही. पिसे झडण्याच्या दिवसांत, जेव्हा नव्या पिसांसाठी प्रथिने लागतात, तेव्हा थोड्या अधिक देते. बलकाचा रंग गडद होतो असे ऐकले होते. मला फरक दिसला नाही, कारण तो रंग हिरव्या चाऱ्यातून येतो.

वास जवळपास नाही. धूळ मात्र आहे. अळ्यांची विष्ठा बारीक वाळूसारखी असते, तिच्यासोबत कातींचे कण उडतात, आणि घरात चाळल्यावर मला शिंका व डोळ्यांची खाज सुरू झाली. अशा धुळीमुळे काहींना दम्याचा त्रास होऊ शकतो, त्यामुळे ज्यांना आधीपासून श्वासाचा विकार आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी आता मास्क बांधून उघड्यावरच चाळते. चाळून निघालेली विष्ठा झाडांना उत्तम मानवते, आणि माझ्या कुंड्यांना गेल्या चार महिन्यांत दुसरे खत घातलेले नाही.

आठवड्याला एकंदर तासभर काम पडते. गावाला जायचे असेल तर मोठ्या अळ्या कोंड्यासह फ्रिजच्या सर्वांत कमी थंड कप्प्यात ठेवते. तिथे त्या निपचित राहतात आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून दिवसभर गाजर दिले की पुरते. भुंगेऱ्यांचा ट्रे मात्र फ्रिजमध्ये ठेवत नाही, तो शेजारी सांभाळतात. गेल्या वेळी त्यांनी कौतुकाने एक अख्खा बटाटा आत ठेवला होता, आणि परत आल्यावर तो उचलला तेव्हा हातात फक्त पोकळ साल आली.