सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घ्यावी की अबार्थ पुंटो?

दोन्ही गाड्या पुण्याजवळच बनलेल्या, फोक्सवॅगनची पोलो चाकणला आणि फिएटची पुंटो रांजणगावला, आणि दोन्ही आता नवीन मिळत नाहीत, त्यामुळे ठाणे-नवी मुंबईत ज्याला कमी बजेटमध्ये जोरात पळणारी गाडी हवी असते तो फिरून फिरून ह्या दोघींपाशीच येतो. कागदावर अबार्थ सरळ पुढे आहे, १.४ लिटर टी-जेट म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ पीएस ताकद, चारही चाकांना डिस्क; २०१३ ला आलेली जीटी टीएसआय म्हणजे १.२ लिटर, १०५ पीएस. पण जुनी गाडी घेताना पीएस नंतर, आधी ती कुठल्या रस्त्यांवर झिजली ते बघायचं.

जीटीचा सगळा प्रश्न गिअरबॉक्सचा आहे. ७ स्पीड डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक), ड्राय क्लचवाला, म्हणजे क्लच तेलात नसतो, आणि संध्याकाळी घोडबंदर रोडवर मानपाडा ते गायमुख गाडी इंच इंच सरकते तेव्हा तो अर्धवट लागून घासत राहतो, तापतो. विकणारा तुम्हाला पाम बीच रोडवर नेईल, तिथे गाडी मस्तच पळणार, काहीच कळणार नाही. तुम्ही हट्टाने ट्रॅफिकमध्ये न्या, चांगली गरम होऊ द्या, मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर येते का, धक्का बसतो का, चढावर रिव्हर्स घेताना हिसका देते का ते बघा. डिस्प्लेवर गिअरची अक्षरं लुकलुकत असतील तर तिथेच थांबा, कारण मेकाट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) गेलं तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. शोरूमच्या बाहेर काम करणाऱ्या चांगल्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्याच, आणि पुसलेले एरर परत येतात का बघायला थोडी चालवून पुन्हा एकदा लावा.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, २०२० पासूनची जीटी वेगळी आहे, १.० टीएसआय, ११० पीएस आणि डीएसजीच्या जागी ६ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे साधा ऑटोमॅटिक. मजा थोडी कमी, पण रोज चालवायला ती खूप निवांत.

अबार्थला ५ स्पीड मॅन्युअल, त्यामुळे डीएसजीची भीती नाही, पण क्लच आणि टायमिंग बेल्ट विचारा. बेल्ट कधी बदलला त्याचं बिल हवं, किलोमीटर कमी आहेत म्हणून सोडू नका, रबर वर्षांनी पण म्हातारं होतं. ग्राउंड क्लिअरन्स १५५ एमएम, म्हणजे सोसायटीचे स्पीड ब्रेकर खाली लागलेले असणारच, लिफ्टवर चढवून पोट बघा. आणि साध्या पुंटोला अबार्थच्या विंचवाचे लोगो लावून फिरवतात, म्हणून आरसीवर पेट्रोल आणि १३६८ सीसी आहे ना ते आधी तपासा, पण साध्या १.४ पेट्रोल पुंटोलाही १३६८ सीसीच असतं, म्हणून बॉनेट उघडून टर्बो आहे ना तेही बघा. फिएट इथून गेल्यामुळे पार्ट शोधत बसावं लागतं, ह्याची तयारी असेल तरच घ्या. स्टिअरिंग मात्र असं आहे की एकदा चालवलीत की ती डोक्यातून जात नाही, हे मनापासून सांगतो.

दोघींसाठी सारखं: सकाळी जा आणि मालकाला सांगा मी येईपर्यंत स्टार्ट करू नका, बॉनेटला हात लावून थंड आहे ना ते बघा. रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, केलंय का ते सरळ विचारा. इथे पावसात पाणी भरतं, त्यामुळे सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिखलाची रेघ बघा, सीटखालच्या रेल आणि स्टेपनीची जागा पण.

माझं मत स्पष्ट आहे. घरात एकच गाडी आणि रोज ऑफिस असेल तर २०२० पासूनची जीटी. दुसरी गाडी आहे, ही फक्त रविवारची, तर अबार्थ. १.२ डीएसजी फक्त तेव्हाच, जेव्हा क्लच किंवा मेकाट्रॉनिक बदलल्याचं पक्कं बिल हातात आहे.

टोकन द्यायच्या आधी ई-चलान बाकी आहेत का ते काढा, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मागा, आणि मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.