आर-32 इन्व्हर्टर एसी: पट्टी वाचून केलेला रिव्ह्यू

एसी-फ्रिज दुरुस्ती हाच धंदा असल्यामुळे मी एसी थंड किती करतो ते नंतर बघतो, आधी आउटडोअर युनिटच्या बाजूची पट्टी वाचतो. या स्प्लिट एसीच्या पट्टीवर आतल्या गॅसचं नाव आहे आर-32, जीडब्ल्यूपी 675; जीडब्ल्यूपी म्हणजे तो गॅस कार्बन डायऑक्साइडच्या किती पट हवा तापवतो तो आकडा. याच मापाच्या आधीच्या मॉडेलवर आर-410ए असायचा, त्याचा आकडा 2,088. म्हणजे एक किलो आर-32 हवेत सुटला तर 675 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. तेवढाच जुना गॅस सुटला तर दोन टनांच्या वर. त्याच्याही आधीचा आर-22 ओझोनच्याच मुळावर उठलेला होता.

मशीन चांगलं आहे. गॅस कमी लागतो, वीज कमी खातं. आर-410ए दोन गॅसांचं मिश्रण, म्हणून तो द्रवरूपातच भरावा लागतो; आर-32 एकटाच असल्याने ती भानगड नाही. थोडा ज्वलनशील आहे, त्यामुळे पाइपात गॅस शिल्लक असताना पाइप जोडायचा गॅसचा टॉर्च पेटवायचा नाही, एवढं पथ्य.

पण हे श्रेय एकट्या कंपनीला देऊ नका. हवामानाच्या करारांनी काय होतं, नुसत्या परिषदा आणि फोटो, असं म्हणणाऱ्याला मी ही पट्टी दाखवतो. 1987 च्या मॉन्ट्रियल प्रोटोकॉल या जागतिक कराराने सीएफसी, म्हणजे ओझोन खाणारे जुने गॅस, बंद करायला लावले, आणि त्याच करारात 2016 साली किगालीची दुरुस्ती होऊन आर-410ए सारख्या एचएफसी गॅसांचा, म्हणजे ओझोन न खाणाऱ्या पण हवा तापवणाऱ्या गॅसांचा, नंबर लागला. तो करार चालला, कारण त्यात मोघम काही नव्हतं. कुठला गॅस, कुठल्या सालापर्यंत किती कमी, सगळं नाव घेऊन लिहिलेलं. बाहेर राहणाऱ्या देशाशी या गॅसांचा व्यापार बंद. गरीब देशांना कारखाने बदलायला वेगळा निधी. 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी हवेच्या मोजणीवरून दाखवून दिलं की सीएफसी-11 हा बंदी घातलेला गॅस कुणीतरी चोरून बनवतंय. माग पूर्व चीनपर्यंत गेला आणि पुढच्या काही वर्षांत आकडा परत खाली आला. करार असा पाठलाग करू शकतो.

मात्र या एसीची दुसरी बाजू पट्टीवर नाही: वीज. ती कोळशाची असेल तर मशीन आयुष्यभरात जो धूर करवतं त्यापुढे आतला गॅस किरकोळ ठरू शकतो. आणि वीज येते 2015 च्या पॅरिस हवामान कराराच्या खात्यात. तिथे प्रत्येक देश आपला आकडा आपणच लिहितो, चुकला तर दंड नाही. त्याआधीच्या क्योटो करारात श्रीमंत देशांचे आकडे बंधनकारक होते, तर अमेरिकेने मान्यताच दिली नाही आणि कॅनडा बाहेर पडला. पॅरिसमुळे काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. 2015 च्या आधी शतकाअखेर जगाच्या तापमानात साडेतीन-चार अंशांची वाढ धरत होते, तो अंदाज आता तीनच्या खाली आलाय. पण जगाचं जीवाश्म इंधनांचं उत्सर्जन 1990 मध्ये 23 अब्ज टनांच्या आसपास होतं, ते आज 37 अब्जांच्या वर आहे. गॅस बनवणारे कारखाने मोजके, त्यांना पर्यायही होता. कोळसा-तेल जाळणारे सगळेच. मॉन्ट्रियलची कॉपी मारून पॅरिस सुधारेल असं म्हणणारे हा फरक सोयीस्कर विसरतात.

माझी खरी तक्रार बसवणाऱ्यांची आहे. पाइपातली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावायचा कंटाळा, म्हणून सर्व्हिस व्हॉल्व्ह किंचित उघडायचा, गॅसच्याच जोरावर ती हवा पाइपाच्या जोडावरच्या फ्लेअर नटमधून फुस्सकन बाहेर काढायची आणि नट आवळून मोकळं व्हायचं. काढलेल्या जुन्या मशीनचा गॅसही असाच सोडून देतात, जुना गॅस भरून घ्यायचा रिकव्हरी सिलिंडर गाडीत असतो तो तसाच राहतो. करार मोजतो गॅसचं उत्पादन आणि आयात-निर्यात. नटापाशी काय सुटतं ते कोण मोजणार?

मशीनला पाचपैकी चार. एक कापलाय तो यासाठी की लहान खोलीला पुरणारे आर-290 चे, म्हणजे प्रोपेनचे एसी बनतात, त्यांचा जीडब्ल्यूपी 3 किंवा त्याहून कमी, आणि ही कंपनी अजून 675 वरच थांबलीये. प्रोपेन जास्त पेटतो, म्हणून तो कमी भरतात आणि बसवायला शिकलेला माणूस लागतो. तसा माणूस मिळत असेल तर आर-290 बघा, नाहीतर हाच घ्या. आणि कुठलाही घेतलात तरी फिटर आला की आधी पिशवीत पंप आहे का विचारा. नसेल तर त्याला तसाच परत पाठवा.