सिंहाच्या गुहेसाठी मराठीत काय घ्यावं: शिंगं की जबडा?

'टू बिअर्ड द लायन इन हिज डेन', म्हणजे बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच घरात जाऊन आव्हान देणं, हा इंग्रजी वाक्प्रचार मराठीत आणायचा तर शब्दशः जाण्याची वाट आधीच बंद आहे. 'बिअर्ड' म्हणजे दाढीला हात घालून तोंडावर आव्हान देणं, आणि आपल्याकडे दाढी धरणं म्हणजे विनवणी करणं. सगळा अर्थच उलटा होतो. मग हाताशी उरतात दोन: 'शिंगावर घेणे' आणि 'वाघाच्या जबड्यात हात घालणे'.

बरीच वर्षं मी पहिलाच वापरत होतो. रोजच्या बोलण्यातला आहे, आणि समोर कुणीतरी प्रतिस्पर्धी आहे हे त्यात पक्कं असतं. जबड्याचं तसं नाही. वादळात होडी घालणाऱ्यालाही तो चालतो, तिथे शत्रू कुणीच नसतो. ही उणीव मला मान्य आहे.

पण एका कथेच्या अनुवादात अडलो. एक कुळाची बाई थेट जमीनदाराच्या वाड्यावर जाते आणि ओसरीवर, त्याच्या माणसांदेखत हिशेब मागते. मी लिहिलं, 'तिने जमीनदाराला शिंगावर घेतलं.' मुद्रितं वाचणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिला: 'कुठे?' तो शब्द मला फार दिवस टोचत राहिला. शिंगावर काय, चौकात उभं राहूनही घेता येतं, आपल्याच व्यासपीठावरूनही. त्याच्या घरात शिरणं, परत येऊ की नाही हे ठाऊक नसणं, हे शिंगांत कुठेच नाही.

हे इंग्रजी शब्द गाजले ते वॉल्टर स्कॉटच्या १८०८ च्या 'मार्मियन' या काव्यातून. त्यातला सरदार मार्मियन डग्लस या दुसऱ्या सरदाराला त्याच्याच टँटॅलन किल्ल्यात आव्हान देतो. सिंहाला त्याच्या गुहेत, डग्लसला त्याच्या महालात डिवचतोस, असं विचारून डग्लस पूल उचलायला आणि गजांचं दार पाडायला फर्मावतो. मार्मियन घोड्याला टाच मारून निसटतो, तरी खाली येणारे गज त्याचा तुरा खरवडून जातात. मला तरी तिथे जबडाच मिटताना दिसतो.

दोन पुढारी आपापल्या सभांतून एकमेकांवर तुटून पडत असतील, तर शिंगंच बरी. माझ्या कथेत मात्र मी बदल केला: 'वाड्यावर जाऊन तिने वाघाच्या जबड्यात हात घातला.' तीन शब्द जास्त लागले. पुढच्या मुद्रितात बाईंनी समास कोरा ठेवला होता.