कढीपत्ता खाल्ला गेला, पैसे परत मागायला गेले, आणि अजून एक घेऊन आले

आधी कबूल करते, ऑगस्टमध्ये मी या नर्सरीला दोन स्टार दिले होते आणि वर "किडकी झाडं देतात" असं लिहिलं होतं. ते काढून टाकून हा नवीन रिव्ह्यू लिहितेय. आता चार स्टार. पाचवा का नाही ते खाली येईलच.

तर भूगावच्या अलीकडे आत एका कच्च्या रस्त्यावर ही नर्सरी आहे, देशी झाडं ठेवतात. इंडोर प्लँट, बोन्साय, रंगीत खडे असलं काही मिळणार नाही. आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, बाल्कनीत सकाळचं ऊन येतं, म्हणून जूनमध्ये गेलो आणि कढीपत्ता, कागदी लिंबू, पानफुटी आणि रुई अशी चार झाडं आणली. रुई सासूबाईंना शनिवारी मारुतीला वाहायला हवी होती. मी घाणेरी पण मागितली, कारण सोसायटीच्या कुंपणावर तिच्यावर नेहमी फुलपाखरं दिसतात. नर्सरीवाले काका म्हणाले, ती आम्ही ठेवत नाही, बाहेरून आलेली, टेकड्यांवर माजलीय, आणि फुलपाखरं तिथे फक्त मध प्यायला येतात, अंडी घालायला येत नाहीत. "हॉटेलात जेवतं माणूस ताई, बाळंतपणाला घरीच जातं." मला तेव्हा वाटलं की स्टॉक नाहीये म्हणून भाषण देतायत.

दीड महिन्यात कढीपत्त्याचे नुसते दांडे राहिले. पानफुटीच्या पानांवर आतून कुणीतरी बोगदे खणल्यासारखे फिकट पट्टे आले, नंतर पानं काळी पडून गळायला लागली. रुईच्या शेंड्याला पिवळाधमक मावा, म्हणजे बारीक किडे, त्यावर मुंग्यांची रांग. लिंबू तेवढं बरं होतं. सासूबाई रोज विचारायच्या, कढीपत्ता आमटीला आणलाय की किड्यांना? घरात जुना स्प्रे होता तो रुईवर मारला, मावा मेला, पंधरा दिवसांत दुप्पट झाला. मग मात्र डोकं फिरलं, फोटो काढले, कुंडी गाडीत घातली आणि थेट नर्सरीत.

गेटमधून आत शिरल्या शिरल्या पाटी: "पाने खाल्ली गेली म्हणून झाड बदलून मिळणार नाही. अभिनंदन मिळेल." जूनमध्ये ही पाटी माझ्या नजरेतून सुटली कशी कोण जाणे.

काकांनी फोटो पाहिलेच नाहीत, कुंडीतल्या कढीपत्त्याची एक काडी उलटी केली, त्यावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी होतं. काडीने हळूच टोचलं तर त्याच्या डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर आली आणि असा काही उग्र वास सुटला की मी दोन पावलं मागे. ही म्हणे कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी. लहान असते तेव्हा शीट वाटावी अशी दिसते म्हणजे पक्षी ढुंकून बघत नाहीत, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते, आणि तरीही कुणी छेडलं तर हा वास. फुलपाखरू काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ, पुण्यात कुठेही दिसतं. पण त्याची अळी लिंबाच्या खानदानातलीच पानं खाणार, म्हणजे लिंबू, संत्रं, बेल, कढीपत्ता. गुलाबावर ठेवलीत तर उपाशी मरेल. पानफुटीतले बोगदे रेड पिएरो या दुसऱ्या फुलपाखराचे, त्याची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधला गर खात खात आतच राहते. थोडक्यात मी ज्याची तक्रार घेऊन गेले होते तेच काम ही झाडं विकणारा माणूस त्यांच्याकडून अपेक्षित धरून बसला होता.

मग रुईचं निघालं. मी स्प्रे मारला म्हटल्यावर काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मावा रुईचा रस शोषतो आणि मागून गोड पाणी सोडतो, ते प्यायला मुंग्या येतात आणि बदल्यात माव्याची राखण करतात. त्या माव्याला खायला येतात लेडीबग, आणि त्यांची पिल्लं लेडीबगसारखी अजिबात दिसत नाहीत, काळी बारीक मगरीसारखी असतात, ती मी किडे समजून स्प्रेने मारली. मावा झपाट्याने वाढतो, लेडीबगला वेळ लागतो, म्हणून दुप्पट झाला. दहा दिवस हात लावू नका, फार तर मुंग्यांची वाट अडवा, बस्स. खरंच नाही लावला, आणि आठव्या दिवशी त्या मगरी परत आल्या. पंधरवड्यात शेंडा साफ.

तेवढ्यात मला एका कुंडीत चंदनाच्या रोपाला चिकटून तूर उगवलेली दिसली, तण समजून उपटणार तर काका ओरडले, "अहो थांबा, ती त्याची खानावळ आहे!" चंदन स्वतःची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटवून पाणी आणि क्षार ओढतं, एकटं लावलं तर खुरटतं, म्हणून रोपासोबत तूर लावूनच देतात. आपल्याकडे माणसाला बांडगूळ म्हणून शिवी देतात, चंदनाला मात्र देवघरात जागा! (आणि बांडगुळाचंही तसं वाईट नाही म्हणे, फुलटोचा पक्षी त्याची फळं खातो, बी इतकी चिकट की त्याला ती फांदीला घासून पुसावी लागते, तिथेच ती रुजते.)

पण खरा कळस उंबराचा. उंबर हे विकतच नाहीत, पक्षी फुकट पेरतात, भिंतीतून काढून न्या म्हणतात. आवारातल्या मोठ्या उंबराचं एक कच्चं फळ तोडून माझ्यासमोर उभं फोडलं आणि भिंग हातात दिलं. आत सगळी बारीक बारीक फुलं! उंबराचं फूल दिसलं म्हणजे नशीब उघडलं म्हणतात, ते इथे शेकड्याने. लहानपणी उंबर फोडला की किडे निघतात म्हणून आई खाऊ द्यायची नाही, ते किडे म्हणजे याच झाडाची वास्प, गांधीलमाशीच्या जातीतली पण चिलटाएवढी. मादी फळाच्या तोंडाच्या बारीक भोकातून घुसते, घुसताना पंख तुटतात, आतल्या फुलांना पराग देते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखांचे, ते माद्यांना बाहेर पडायला भोक पाडून देतात, आणि माद्या अंगावर पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. ही वास्प नसेल तर उंबराला बी नाही, उंबर नसेल तर वास्पला घर नाही. आणि त्या फळांवर वटवाघळं, धनेश, बुलबुल, खारी. मी तिथे अर्धा तास उभी होते, नवरा गाडीत हॉर्न वाजवत होता.

कुंडी घरी परत आणली. अकरा अळ्या मोजल्या होत्या. शिंपी पक्षी रोज सकाळी यायला लागला आणि आठ उचलल्या, गंमत म्हणजे शेजारच्या रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या उघड्यावर बसलेल्या, त्यांना शिवलाही नाही, कारण रुईचं विष खाऊन त्याच विषारी झालेल्या असतात. उरलेल्या तिघींनी ग्रिलला कोष केले. एका कोषाला टाचणीएवढं भोक पडून फुलपाखराऐवजी बारीक वास्पच बाहेर आल्या, मला दिवसभर वाईट वाटलं. उरलेले दोन मात्र उडाले. एक सकाळी साडेसातला, सासूबाई चहाचा कप हातात धरून बघत होत्या, चहा गार झाला.

आता पाचवा स्टार का कापला. एक, रुईचा चीक डोळ्याला फार घातक असतो, हे विकताना सांगितलं नाही, घरात लहान मूल असतं तर? दोन, लेबलं पावसात पुसलेली, मला निर्गुडी म्हणून भलतंच रोप दिलं, परत जावं लागलं (बदलून दिलं, कुरकुर न करता). तीन, पावसाळ्यात त्या रस्त्यावर टू-व्हीलर नेऊ नका. फोनही कधी उचलत नाहीत.

मागच्या रविवारी जाऊन दुसरा कढीपत्ता आणला, आता एक आमटीचा आणि एक त्यांचा, सासूबाईंनी कुंड्यांना खडूने खुणा पण केल्यात. ६० रुपये. दुसऱ्यांदा घेतेय, दहा रुपये कमी करा म्हटलं तर काकांनी न बोलता गल्ल्यामागच्या पाटीकडे बोट दाखवलं: "अळ्या घासाघीस करत नाहीत."