सोव्हिएत कपडे ऑनलाइन घेताना: सजवलेलं दुकान की कुणाचं तरी कपाट?

सोव्हिएत काळातले जुने कपडे ऑनलाइन घ्यायचे तर साधारण दोन ठिकाणी शोधावं लागतं. एक म्हणजे फक्त असाच माल ठेवणारी दुकानं. फोटो देखणे, वर्णन व्यवस्थित इंग्रजीत, कपडा धुऊन इस्त्री केलेला. दुसरे म्हणजे घरगुती विक्रेते. रीगा, काउनास, खार्किव अशा गावांतली माणसं वडिलांचं नाहीतर आजोबांचं कपाट रिकामं करत असतात आणि ईबे किंवा विंटेडसारख्या ठिकाणी एकेक नग टाकत असतात. बर्लिनला आल्यापासूनच्या सहा हिवाळ्यांत मी दोन्हीकडून मिळून अकरा नग घेतले. त्यातला एक परत केला, एक कसरीने आधीच खाल्लेला निघाला, बाकीचे वापरात आहेत. रशियातून थेट मागवणं २०२२ पासून जवळपास संपलंच आहे, त्यामुळे तो पर्याय धरत नाही.

हे खूळ कुठून आलं, असं बायको दर पार्सलला विचारते. लहानपणी लोकवाङ्मय गृहाच्या पुस्तक प्रदर्शनातून गुळगुळीत पानांची रशियन पुस्तकं घरी यायची. त्यातली पोरं कानटोपीचे कान डोक्यावर बांधून बर्फात घसरायची आणि आम्ही मे महिन्यात पंख्याखाली पडून ती बघायचो. बहुतेक तिथूनच.

दुकानांची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. युरोपीय संघातल्या व्यावसायिक दुकानातून ऑनलाइन घेतलं की चौदा दिवसांत कारण न देता परत करता येतं. कपडा खासगी माणसाकडून घेतला तर हा हक्क मिळत नाही. दुकानं एका दिवसात उत्तर देतात, पार्सल नीट बांधतात, आणि बायकांच्या कपड्यांच्या मापात निदान गोंधळ तरी घालत नाहीत. हा गोंधळ सोपा नाही. रशियन माप म्हणजे छातीच्या घेराचा निम्मा आकडा. पुरुषांचा ४८ म्हणजे ९६ सेंटिमीटर छाती, आणि तो युरोपातल्या पुरुषी कोटाच्या ४८ शी बराचसा जुळतो. बायकांचा रशियन ४८ मात्र जर्मन ४२ च्या आसपास येतो. बायकोसाठी क्रिम्पलिनचा, म्हणजे जाडसर कृत्रिम धाग्याच्या कापडाचा, एक सत्तरच्या दशकातला झगा बघत होतो. घरगुती विक्रेतीने नुसतंच ‘४८’ लिहिलं होतं, दुकानाने तसाच झगा ‘४२’ म्हणून लावला होता. हे माहीत नसतं तर आम्ही दोन्हीकडे चुकलो असतो. झगा दुकानातूनच घेतला, आणि तो बसलाही.

किमतीत फरक पडतोच. माझ्या अनुभवात दुकान दुपटीहून थोडं जास्तच घेतं. पण धुणं, दुरुस्ती, फोटो, परतीची जोखीम हे सगळं त्यात आलं, त्यामुळे त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. वासाच्या बाबतीत दोघंही सारखेच. डांबरगोळ्यांचा वास दुकानाच्या इस्त्रीनेही जात नाही आणि कपाटातल्या कपड्याला तर असतोच. आजीच्या ट्रंकेतल्या पैठणीचा वास ज्यांना आवडतो त्यांनी काळजी करू नये, इतरांनी आठवडाभर गच्चीत वाळत घालावं.

माझं मत फिरलं ते तेलोग्रेय्कावरून. तेलोग्रेय्का म्हणजे उभ्या शिवणीचं, आत कापूस भरलेलं जाकीट, सैनिकापासून रस्ता खोदणाऱ्या मजुरापर्यंत सगळ्यांच्या अंगावर असायचं ते. एका चांगल्या नावाजलेल्या दुकानात मला ते दिसलं. वर्णन होतं ‘पन्नासचं दशक, माप एल’. फोटोत ते पुतळ्यावर असं चपखल बसलं होतं की मी नव्वद युरो मोजले. घरी आल्यावर अंगात घातलं तर बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. काढून उलटं केलं. आत, डाव्या बाजूच्या अस्तरावर, पुसट झालेला पण नीट वाचता येणारा शिक्का होता: ४८-२, आणि खाली १९८६.

या शिक्क्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळा निर्णय त्यावरच ठरतो. सैन्याच्या आणि कामाच्या सोव्हिएत कपड्यांना आतून शिक्का मारलेला असे. त्यात कारखाना, वर्ष आणि जोडमाप सापडतं. जोडमापाचा पहिला आकडा छातीच्या घेराचा निम्मा, दुसरा उंचीचा क्रमांक. तीन म्हणजे साधारण १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस, चार म्हणजे १७६, पाच म्हणजे १८२. मी १७८ चा. दोन नंबरचं जाकीट माझ्या अंगावर धाकट्या भावाचं वाटणारच. नागरी कपड्यावर शिक्का नसला तरी कापडी किंवा कागदी पट्टी असते, आणि ती तर आणखी बोलकी. किंमत सरकारने ठरवलेली, म्हणून ती रूबलमध्ये छापलेलीच असे. सोबत मालाची प्रत आणि ‘गोस्त’ हा सरकारी मानकाचा क्रमांक. त्या क्रमांकाच्या शेवटी आडव्या रेघेनंतर दोन आकडे असतात, ते मानक मंजूर झालेल्या वर्षाचे. रेघेपुढे ७८ असेल तर तो कोट १९७८ च्या आधीचा असूच शकत नाही, विक्रेता काहीही म्हणो. पंचकोनी ‘गुणवत्ता चिन्ह’ दिसलं तर १९६७ नंतरचं, कारण ते चिन्हच त्या वर्षी आलं. असाच आणखी एक ताळा म्हणजे डोक्यावरून घालायचा गिम्नास्त्योर्का हा सैनिकी सदरा. १९६९ च्या गणवेश बदलात त्याची जागा समोरून बटणं असलेल्या कोटाने घेतली. ‘गिम्नास्त्योर्का, १९८५, अफगाण युद्ध’ असं कुणी लिहिलं तर पुढे वाचायचं नाही.

म्हणजे वर्ष, माप, कारखाना ही सगळी माहिती कपड्याच्या आतच लिहिलेली असते. आणि मी पाहिलेली बहुतेक दुकानं नेमका तोच फोटो टाकत नाहीत. पुढून, मागून, कॉलर जवळून, खिडकीतून येणाऱ्या उन्हात एक, शेजारी समोवार ठेवून एक. आठ फोटोंत अस्तर उलटून दाखवलेलं एकदाही नाही. पुतळ्यावर मागून चिमटे लावून कपडा आवळलेला असतो हे मला नंतर कळलं. घरी आलेल्या त्या जाकिटाच्या पाठीवर त्या चिमट्यांचे दोन दात अजून उमटलेले होते, तेच फोटोतलं चपखल बसणं. दुकानाला लिहिलं. उत्तर सभ्य होतं: जुन्या कपड्यांची मापं थोडी इकडेतिकडे असतात, दशक अंदाजाने दिलेलं आहे, परत करायचं असेल तर टपालखर्च तुमचा. पैसे त्यांनी वेळेवर परत केले, हेही सांगायला हवं. पण शिक्क्यावर १९८६ असताना पन्नासचं दशक अंदाजाने द्यायचं म्हणजे काय? अस्तर न उलटताच वर्णन ठोकून दिलेलं असणार. सगळीच दुकानं अशी नसतील. मला भेटलेल्या चारपैकी तीन होती.

त्याच महिन्यात लॅटव्हियातल्या दौगाव्पिल्सच्या एका बाईंनी वडिलांचं तेलोग्रेय्का लावलं होतं. एकच फोटो, तोही पलंगावर टाकलेला, अर्ध्या भागावर मांजर. वर्णन तीन ओळींचं, यंत्राने भाषांतर केलेलं, त्यात कापसाच्या जागी ‘मेघ’ आलं होतं. मी विचारलं, आतल्या शिक्क्याचा फोटो मिळेल का? दीड दिवसाने सहा फोटो आले. शिक्का: ५०-४, १९७४. काखेखालून धरलेली शिवणाची टेप, आकडा वाचता यावा म्हणून अंगठ्याने दाबलेली. आणि उजव्या कोपरावरच्या ठिगळाचा फोटो, न विचारता पाठवलेला, सोबत एक ओळ: हे आईने लावलं, उसवू नका. पस्तीस युरो आणि टपाल. आज बाहेर उणे पाच आहे आणि तेच जाकीट खुंटीवर आहे. (धुवायचं मात्र मशीनमध्ये नाही. आतला कापूस जुन्या गादीसारखा गोळा होतो आणि बर्लिनमध्ये पिंजारी मिळत नाही.)

घरगुती विक्रेत्यांचा त्रास नाही असं नाही. कसरीने खाल्लेला शिनेल, म्हणजे सैनिकी लांब ओव्हरकोट, मला अशाच एका सद्गृहस्थांकडून आला. भोकं फोटोत दिसत नव्हती, मी विचारली नव्हती, आणि परत घ्यायला ते बांधील नव्हते. टपालाला कधी चार दिवस लागतात, कधी चार आठवडे. युक्रेनमधून मागवलं तर मूल्यवर्धित कर धरून चाला. २२ युरोंपर्यंतची जुनी सूट युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून काढून टाकली. बाल्टिक देश संघातच असल्याने तिथून ही भानगड नाही, म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याला मी तिकडेच पाठवतो. लिथुआनियातून आलेल्या माझ्या उशांकावरचा, म्हणजे त्या लोकरी कानटोपीवरचा, सोव्हिएत तारा काढलेला होता, कपाळावर नुसती दोन भोकं. तिथे सोव्हिएत चिन्हं जाहीरपणे दाखवायला २००८ पासून बंदी आहे, तेव्हा त्या माणसाची काही चूक नाही. मलाही ताऱ्याची टोपी घालून युक्रेनमधून आलेल्या शेजाऱ्यांसमोर जिना उतरायचा नव्हताच.

पुण्यामुंबईतून कुणी विचारलं तर मी थोडा हात आखडतो. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर भारतात परवान्याचं बंधन आहे, पार्सल अडकलं की निस्तरणार कोण? येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेतून आणवलेलं बरं. माझ्या मित्राची तेल्न्याश्का, म्हणजे खलाशांची पट्ट्यापट्ट्यांची बनियन, तशीच गेली. सुती असल्यामुळे ती तिकडे जुलैतही चालते, लोकरीचं मात्र काही नेऊ नका.

तेव्हा भेट द्यायची असेल, ठरावीक तारखेला हवं असेल, किंवा बायकांचा कपडा पहिल्यांदाच घेत असाल तर दुकान वाईट नाही. त्यांना फक्त शिक्क्याचा किंवा पट्टीचा फोटो मागा. ज्या एका दुकानाने तो लगेच पाठवला त्यांच्याकडून मी पुन्हा घेतलं आहे. बाकी माझं बोट आपोआप पलंगावरच्या फोटोंकडे जातं. सध्या काउनासच्या एका आजोबांशी नौदलाच्या काळ्या बुशलातबद्दल, म्हणजे जाड लोकरी आखूड कोटाबद्दल, बोलणं चालू आहे. शिक्का आला: ५०-४, १९७९. दुसरं बटण मूळचं नाही, नातवाच्या शाळेच्या कोटाचं लावलंय, असं त्यांनी आधीच कळवलं. पैसे काल पाठवले.